बेहड्यातली बाळंतीण

गावाचं नाव सांगणार नाही. हे आधीच बोलून टाकते, म्हणजे वाचता वाचता तुम्ही नकाशा उघडून बसायला नको. मालवण तालुका, खाडीपासून थोडं आत, एवढं पुरे. धनेशाच्या घरट्याचा पत्ता छापला की दुसऱ्या आठवड्यात तिथे पंचवीस कॅमेरे उभे राहतात. मला ठाऊक आहे, कारण त्या पंचवीसांत मीही दोनदा उभी राहिलेय. नाव न सांगण्याचं दुसरंही एक कारण आहे, पण ते ओघात येईल.

मी सोलापूरची. वडिलांचा फोटो स्टुडिओ चालवते. लग्नसराईत नवरानवरीला "हसा जरा" म्हणते, आणि उरलेल्या दिवसांत माळरानावर काळवीट, खोकड, गवतातली पाखरं टिपत हिंडते. आमच्याकडे हे काम सोपं असतं. गाडी थांबवायची, काच खाली करायची. जनावर लांबूनच दिसतं, नाही दिसलं तर गाडी पुढे. माझ्या स्वभावाला ते बरं पडतं. एका जागी माझं बूड टेकत नाही. आई म्हणायची, हिला देवानं पायाला भिंगरी बांधूनच खाली सोडलंय.

मे महिन्यात मंगलचा फोन आला. मंगल माझी शाळेपासूनची मैत्रीण. बावीस वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागून सिंधुदुर्गात गेली आणि तिथलीच झाली.

"कधी निघतेस?" तिनं थेट विचारलं. "आमच्या देवराईत बेहड्याचं झाड आहे. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसलीय. आणि झाड पाडायचं चाललंय. तिथे सभामंडप होणार. रविवारी गाव बसेल आणि तारीख ठरेल."

"वनखात्याला कळव की."

"कळवता येईल. पण गावच्या देवाच्या झाडावर बाहेरचा माणूस आणला, तर ह्या वर्षी झाड वाचेल आणि पुढच्या वर्षी कुणाला न विचारता जाईल. मी सांगून दमले. लोक म्हणतात, पाखराला पंख आहेत, उडून जाईल. ती आत कोंडून बसलीय हे त्यांना दिसत नाही ना. तू फोटो काढ. चांगला काढ. बघितलं की कळेल."

मंगळवारी सकाळी मी निघाले, दोन कॅमेरे, एक भलीमोठी लेन्स आणि मंगलसाठी किलोभर शेंगाची चटणी घेऊन.

कणकवली

फोंडाघाट उतरला की कान बंद होतात आणि डोळे उघडतात. आमच्याकडे मेमध्ये जमीन भाजून पांढरी पडते, इथे डोंगर हिरवेच. पण ते हिरवं बघून मला धास्तीच वाटली. इतक्या झाडीत पाखरू शोधायचं कुठे? माळावर कशी नजर धावते, इथे चार हातांवर अडकत होती.

स्टँडवर मला न्यायला एक टेम्पो आला. चालवणारा चाळिशीचा, अंगानं आडवा, कपाळावर गंध.

"मंगलबाईंच्या पावण्या तुमीच मां? बसा फुडे. मागे चिरे आसत."

हा बाबल परब. मागे जांभ्या दगडाचे लालभडक चिरे रचलेले. वाटेत त्यानं गाडी थांबवून मला काजूची बोंडं तोडून दिली. रस ओढणीवर सांडला आणि त्याचा डाग आजही गेलेला नाही. माणूस बोलका निघाला. मी माझ्या नेहमीच्या उत्साहात बोलत सुटले, की किती सुंदर मुलूख तुमचा, जपायला हवा, एकेक झाड जपायला हवं.

"व्हय तर," बाबल म्हणाला.

"हे चिरे कुठे चाललेत?"

"देवळाकडे. सभामंडप बांधतोव. जत्रेक आमची म्हातारी माणसा उघड्यावर बसतत. गेल्या टायमाक अवकाळी पावस इलो आणि माझी आवस भिजान आजारी पडली. आता एक झाड तेवढा आड येता."

 ज्याच्याविरुद्ध लढायला आले त्या मंडपाच्या दगडांवर टेकून मी गावात शिरत होते. आणि तो माणूस वाईट म्हणावा असा अजिबात नव्हता, ह्याचा मला फार राग आला.

राय

बुधवारी पहाटेच मंगलनं मला राईत नेलं. राय म्हणजे देवराई. भोवती दगड रचून केलेला कंबरेएवढा गडगा, आत उंच झाडं, वेली, आणि मधोमध उघड्यावर एक चौथरा. चौथऱ्यावर देवाचा पाषाण. मूर्ती नाही, छप्पर नाही. पाषाणाच्या मागे वीस पावलांवर तो बेहडा. मी मान वर करून बघतच राहिले. झाडाला तीन पुरुष उंचीवर एक गाठ होती, गाठीखाली काहीतरी पांढरट ओघळ. बाकी काही दिसेना.

मी गडग्यावरून उडी मारायला पाय टाकला आणि मागून आवाज आला.

"थांब गो बाय. पायात काय आसा?"

तात्या गुरव. ऐंशीच्या पुढचे, धोतर गुडघ्यापर्यंत, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा दुधी पडदा. देवाची पूजा आणि कौल त्यांच्याकडे. मंगल त्यांना "तातानू" म्हणते, मीही म्हणू लागले. मी बूट काढले. ते जवळ आले आणि नाक उडवत म्हणाले, "चामड्याचा काय आसात तर ताय भायर ठेव."

कमरेचा पट्टा गेला. बॅग गेली. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला खांद्यापाशी चामडं होतं, तो पट्टाही गेला. शेवटी मंगलनं घरी धाव घेतली आणि परकराची नाडी आणली. लाखमोलाचा कॅमेरा पुढचे पाच दिवस माझ्या गळ्यात गुलाबी नाडीवर लोंबत होता. हसायचं तर हसा. मीही आता हसते, तेव्हा नुसती चरफडत होते.

मला आत, चौथऱ्याच्या बाजूला, आडोसा बांधून बसायचं होतं. तिथून ढोली समोर येते. तात्या म्हणाले, देवाला विचारावं लागेल.

"किती वेळ लागेल?"

"ता देवाक म्हायत."

त्यांनी पाषाणावर पाणी घातलं. तांबड्या पिटकोळीच्या फुलाच्या दोन पाकळ्या घेतल्या, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला, ओल्या दगडावर लावल्या. दोन हातांच्या दोन बोटांनी, एकाच वेळी, आणि बोटं उचललीही एकाच वेळी. मग मागे सरून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलणं.

"बा देवा म्हाराजा! ही सोलापूरची लेक तुझ्या राईत इली आसा. तुझ्या पाखराचो फोटो काढूक मागता. भितुर बसान काढू दे तर उजवी दी, भायर रवान काढू दे तर डावी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंगल म्हणाली आणि मला कोपर मारलं. मीही म्हटलं.

आणि मग आम्ही बसलो. पाकळ्या पडेनात. दहा मिनिटं, वीस, अर्धा तास. मी उभी राहिले, बसले, घड्याळ बघितलं, लेन्स पुसली, पुन्हा पुसली. वर कुठेतरी पंखांचा असा आवाज झाला की अंगावर काटा आला. रिकाम्या रस्त्यावरून जुनी एसटी घसघसत जावी तसा. नर आला होता, आणि मी कॅमेरा मांडीवर घेऊन एका पाकळीकडे बघत बसले होते! दीड तासानं डावी पडली. म्हणजे बाहेरून.

"अहो, जरा वारा आला असता तर उजवी पडली असती," मी मंगलला पुटपुटले.

"वाराही देवाचाच," मंगल म्हणाली. बावीस वर्षांत ही बाई पार इथली झालीय.

मालवणला पळाले, तो दिवस

गुरुवारी पहाटेपासून अकरापर्यंत मी गडग्याबाहेर उभी राहिले. नर दोनदा आला आणि दोन्ही वेळा पानांआड बसला. दगडावर उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं खाल्लं. ही पेज म्हणजे मऊ, गरम, जराशी खारट. उन्हातल्या माणसाला ती नीट उभी करते, आमच्या कडक भाकरीला ते जमत नाही, हे मी सोलापूरची असून कबूल करते. पण दुपार झाली आणि माझे पाय चुळबुळायला लागले. इथे नाही तर दुसरीकडे काहीतरी मिळेल. समुद्र एवढा जवळ, डॉल्फिन असतात, समुद्रगरुड असतात. नुसतं उभं राहून काय होणार?

"जाऊ नको," मंगल म्हणाली. "दिवस थोडे आहेत."

"दुपारी कोण येतंय? संध्याकाळी परत येते."

गेले. होडी केली. डॉल्फिनचा एक कणा वर आला, मी कॅमेरा फिरवेपर्यंत खाली गेला, पुन्हा डाव्या बाजूला वर आला, मी उजवीकडे. होडीवाला तांडेल हसत होता. मग एक लाट होडीवर चढली आणि माझ्या लहान कॅमेऱ्यात खारं पाणी गेलं. त्यानं एकदा चर्र केलं आणि डोळा मिटला तो मिटलाच.

किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी मोठ्या कॅमेऱ्यानं एका बांगडेवालीचे फोटो काढायला लागले. सवयीनं तोंडातून गेलं, "हसा जरा."

"बांगडो काय नवरो न्हय गो, बाजूक उबो करून हसूक," ती म्हणाली आणि आजूबाजूच्या सगळ्या खिदळल्या. मीही हसले. तेवढ्यात मंगलचा फोन आला.

"कुठे आहेस? नर आलाय. ढोलीसमोरच्या फांदीवर बसलाय, स्वच्छ उन्हात. पंधरा मिनिटं झाली. एकेक फळ घशातून काढून फटीत देतोय. आणि ती चोच बाहेर काढतेय गं, अर्धी चोच! गावातली पोरं उभी आहेत बघत."

"फोनवर काढ!"

"काढतेय. ठिपका दिसतोय नुसता."

मी भर लिलावात खाली बसले. रडू आलं, खरंच सांगते. साडेतीनशे किलोमीटरांवरून पाखरू शोधायला येणारी मी, आणि पाखरू समोर असताना पळून आले. तो स्वभावाचा दोष वगैरे काही नाही, तो मूर्खपणा आहे. संध्याकाळी मंगलनं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी वाढली, एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

थारावर

शुक्रवारी मी उजाडायच्या आत गडग्याला टेकून बसले आणि ठरवलं, की आज आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही. तासाभरात लाल मुंग्या कुडत्यात शिरल्या. मी उठले, नाचले, पुन्हा बसले. तात्या पूजा आटोपून आले आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले.

"कित्या वळवळतंस गो? थारावर रव."

"तुम्हाला कंटाळा येत नाही, तातानू? तासन् तास त्या पाकळ्यांकडे बघत बसता."

"कसलो कंटाळो? ती पडासर बसाचा, ह्याच आमचा काम. आता तर पाकळी माका दिसना पण नाय. कोण तरी सांगता, पडली म्हणान."

"ऑपरेशन का करत नाही?"

"करतलंय. घाई काय?"

मी त्यांना पेज आणि शेंगाची चटणी दिली. दात नव्हते, त्यांनी ती पेजेत कालवली आणि डोळ्यांतून पाणी काढत सगळी खाल्ली. "ह्या पाखराचो आवाज मी ओळखतंय," मग म्हणाले. "दरवर्सा येता. पण भितुर कोण बसता, भायर कोण, ता कधी बघूक गावला नाय. झाड गेला तर आवाज जातलो, एवढाच माका कळता."

साडेनवाला पंख वाजले. तात्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. जोरात नाही, नुसता ठेवला. त्या हाताखाली मी हलले नाही. नर आला. काळेपांढरे पंख पूर्ण उघडे, मोठी पिवळी चोच, चोचीत लाल उंबर, मागे सकाळचं ऊन. मी बटण दाबत गेले. तो ढोलीपाशी बसला, खाली वाकला, तेवढ्यात एक फांदी हलून मध्ये आली. मग तो गेला. मी पडद्यावर फोटो बघितला आणि तात्यांना मिठीच मारली. असा उडता धनेश मला आयुष्यात मिळाला नव्हता. हा फोटो बघून दगडालाही पाझर फुटेल, असं मला वाटलं.

शनिवारी मालवणच्या एका स्टुडिओत जाऊन मोठे प्रिंट काढून आणले. उडत्या नराचा एक, पंखांचा एक, राईचा एक. तिथल्या पोरानं चुकून एक चौथाही छापला. तो मी टाकून द्यायच्या यादीत ठेवला होता. फांदी आडवी आलेली, अंधारलेला, त्यात फक्त ढोलीची उभी फट, लिंपलेला चिखल, आणि फटीतून डोकावणारं चोचीचं टोक. धंद्यातलं माणूस म्हणून सांगते, तो फोटो फालतू होता. कागद वाया गेला म्हणून मी तसाच गठ्ठ्याच्या तळाला घातला.

गाव बसलं

रविवारी नऊला मानकरी जमले. पुरुष चौथऱ्याभोवती, आम्ही बायका गडग्याबाहेर. मंगलनं फोटो बाबलच्या हातात दिले. ते हातोहात फिरले.

"वा! काय काढलेलो आसा!"

"पिसान् पीस दिसता मां."

"बाबल, ह्यो फ्रेम करून नव्या मंडपात लावूया. समोरच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबल माझ्याकडे बघून मनापासून म्हणाला, "खूप बरो फोटो हा, ताई." आणि विषय पायाच्या खोदाईकडे वळला. मी सोलापूरहून येऊन मंडपाची सजावट करून दिली होती! मला ओरडावंसं वाटत होतं. मंगलनं माझा दंड धरून ठेवला.

फोटो शेवटी तात्यांकडे आले. त्यांनी वरचे तीन बाजूला ठेवले, त्यांना ती नुसती रंगाची चमक दिसत असणार. चौथा मात्र त्यांनी नाकाला लावला. तिरका केला, उन्हात धरला. त्यात काळ्यावर एकच पिवळं टोक होतं, आणि तेच त्यांना दिसलं.

"ह्या काय?"

मंगलचा हात सुटला. मी गडग्यावरून ओरडले, "तातानू, ती चोच आहे. मादीची! ती आत आहे. दार आतून चिखलानं लिंपून घेतलंय तिनं. दोन महिने झाले, बाहेर आलेली नाही."

"दोन म्हयने?"

"तिची पिसं झडलीत. उडताच येत नाही तिला."

"मगे जेवता काय?"

"नवरा आणून देतो. त्या फटीतून."

 तात्यांनी फोटो मांडीवर ठेवला.

"पोरा झाली?"

"झाली. चिरचिर ऐकू येते."

"म्हणजे बाळतीण आसा ती," तात्या म्हणाले. मला नाही, जमलेल्या गावाला. "देवाच्या घरात बाळतीण आसा आणि आमी घर मोडूची तारीख काढतोव. देवाक सुयेर इला मां."

सुयेर म्हणजे जन्माचं सोयर. घरात मूल जन्मलं की ते फिटेपर्यंत तिथे शुभकार्य नाही, पायाभरणी नाही. बाळंतीण खोलीत असताना त्या घराच्या भिंतीला कोणी पहार लावत नाही. हे आमच्याकडेही आहे. पण ते मला सुचलं नव्हतं, चार दिवस मी पंखांच्या मागे होते.

बाबल उठला. "तातानू, पाखराचा कसला सुयेर? मगे उंदराचा धरा, कावळ्याचा धरा. पावसाआधी पाया भरलो नाय तर काम वर्सभर गेला. म्हातारी माणसा परत उघड्यार."

त्याचंही खरं होतं. काही जण हसले, काही नाही हसले. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. शेवटी एक जण म्हणाला, देवालाच विचारा. दुसरा म्हणाला, सुयेरात कौल कसा चालेल? तात्या म्हणाले, "सुयेर आसा काय नाय, ह्याच विचारतंय."

पाषाणावर पाणी पडलं. माझा कॅमेरा आपोआप डोळ्याला गेला. ती सवय आहे, दुसरं काही नाही. एवढ्या मोठ्या लेन्समधून पाषाण हाताच्या अंतरावर दिसतो. मी बटण दाबून धरलं.

उजवी म्हणजे सुयेर आहे, डावी म्हणजे नाही. गाऱ्हाणं सुरू झालं, "बा देवा म्हाराजा..." आणि ते संपता संपता, "व्हय म्हाराजा!" पुरतं म्हणून व्हायच्या आधी उजवी पाकळी टपकन खाली पडली.

"पडली! उजवी!"

बाबल क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं हात जोडले. "बरा. पाखरा भायर येवंदेत. मगे बघूया, पावसानंतर," म्हणाला आणि चिऱ्यांवर प्लॅस्टिक घालायला गेला. मंगल रडत होती. मी कोणाला तरी मिठी मारली, ती कोण होती मला माहीत नाही.

अंगठा

संध्याकाळी पडवीत बसून मी फोटो चाळायला घेतले. राईचे, गावाचे, पाषाणाचे. आणि हात थांबला.

तात्यांचे दोन हात. उजवी पाकळी एका बोटाच्या टोकानं नुसती टेकवलेली. डावीवर अंगठा. नुसता ठेवलेला नव्हे, दाबलेला. इतका की नख पांढरं पडलंय. पुढच्या फोटोत उजवा हात उचललाय, डावा तिथेच. त्याच्या पुढच्यातही तिथेच. बुधवारी त्यांनी दोन्ही बोटं एकाच वेळी उचलली होती, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. अशी दाबून चिकटवलेली पाकळी आधी सुटणं शक्यच नव्हतं.

सगळ्या प्रवासातला सर्वांत स्पष्ट फोटो तो. सुरकुतीन् सुरकुती दिसत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाबलनं जोडलेले हात डोळ्यांपुढून जाईनात. त्याची म्हातारी आई भिजली होती आणि त्यानं विश्वासानं हात जोडले होते. पाखरासाठी का होईना, कोणाला तरी फसवलं होतं, आणि त्याचा पुरावा माझ्या गळ्यात गुलाबी नाडीला लटकत होता. मी मंगललाही सांगितलं नाही. पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घातल्या.

सोमवारी निघताना तात्यांच्या पाया पडले. ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे बघत म्हणाले, "तुझ्या त्या दुर्बिणीतसून लांबचा पण दिसता काय गो?"

"कधी कधी. काल ऊन डोळ्यावर होतं. काही दिसलं नाही."

"बरा झाला," ते म्हणाले आणि फुलं खुडायला वळले.

बाबलच सोडायला आला. आता टेम्पो रिकामा होता, म्हणून जास्त खडखडत होता. त्यानं माझ्या पायाशी एक फणस ठेवला होता. कणकवली येईपर्यंत मी चार वेळा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्टँडजवळ गाडी थांबवून तोच म्हणाला, "ताई, तो आंगठ्याचो फोटो काय करतलास?"

मी कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"तुमी दुर्बिणीतसून बघलास. मी तर पाषाणाच्या बाजूकच उबो होतंय."

"तुम्हाला दिसलं? मग बोलला का नाहीत?"

त्यानं स्टीअरिंगवरची धूळ हातानं पुसली. "तो चोचीचो फोटो बघलंय मां मी. माझ्या बायलेचा पयला बाळतपण माझ्याच घरात झाला. भर पावसात. छपराचो कोनो उडान गेलेलो, आणि मी रातभर ताडपत्री धरून उबो." मग तो म्हणाला, "तातांनी आंगठो दाबल्यानी नसतो तर काम थांबवूक माका कायतरी दुसरा कारण शोधूचा लागला असता. ता माका गावला नसता."

मी कॅमेरा सुरू केला, तो फोटो पडद्यावर आणला, त्याच्यासमोर पुसला. पुढचा पुसला. त्याच्या पुढचाही.

"लिवतलास मां तुमी ह्या सगळा?" उतरताना त्यानं विचारलं.

"लिहीन."

"लिवा. गावाचा नाव तेवढा लिवू नकात."

वीस दिवसांनी मंगलच्या फोनवरून एक फोटो आला. बाबलनं काढलेला. त्या दिवसापासून तो रोज सकाळी चिरे झाकलेत का बघायला म्हणून राईत जायचा म्हणे, आणि गडग्याला टेकून तासभर बसायचा. फोटो हललेला, वाकडा, अर्ध्या भागात त्याचंच बोट. कडेला फुटलेल्या चिखलाचं दार आणि फांदीवर कशीबशी बसलेली एका पिल्लाची पाठ. लग्नाचा असता तर मी गिऱ्हाइकाला दाखवलाही नसता. मोठा करून स्टुडिओत समोरच्या भिंतीवर लावलाय. येणारे जाणारे विचारतात, कुठला हो हा? मी म्हणते, बसा, हसा जरा.